मोडी कागदांची रकानेवार नोंद : शहापूर-मुरबाडचा अनुभव

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील जुन्या घरांत जे मोडी कागद आमच्या पाहण्यांत आले, त्यांची यादी आम्ही पुष्कळ वर्षें एकाच तक्त्यांत ठेवीत होतों. कागद, मिति, गांव, इसम असे चार रकाने. गेल्या वर्षीं ती यादी संगणकावर चढवितांना एक ढोबळ चूक उघडकीस आली. ‘माहुली’ असा उल्लेख दिसला कीं आम्ही बेधडक शहापूरनजीकचा किल्ला लिहीत गेलों होतों. इ. स. १६३६ त शहाजीराजांनीं जेथें वेढा सोसला तो हा किल्ला. त्याचा अभिमान आम्हांस नडला. वास्तविक त्यांतील कांहीं पत्रें साताऱ्याजवळच्या, कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुलीचीं होतीं. चुकीपेक्षां वाईट हें कीं, मूळ पाठ कोणता व आमचा तर्क कोणता, हें त्या तक्त्यावरून आम्हांसच सांगतां येईना.

आयबीएम कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेली ‘रिलेशनल डेटाबेस’ची पद्धति त्यानंतर आम्ही एका माजी विद्यार्थ्याकडून शिकलों. तिचें मर्म इतकेंच कीं, एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी. कागदांचा तक्ता निराळा, स्थळांचा निराळा, व्यक्तींचा निराळा. प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक. चौथ्या तक्त्यांत केवळ उल्लेख : अमुक क्रमांकाच्या कागदांत ‘माहुली’ अशीं अक्षरें आहेत, तें आमच्या मतें अमुक क्रमांकाचें स्थळ, व तसें मानण्याचें कारण अमुक. उद्यां निर्णय फिरला तरी पाठास धक्का लागत नाहीं. उलटपक्षीं, बाळाजी जनार्दन व नाना फडणीस हीं दोन नांवें एकाच व्यक्तीच्या क्रमांकास जोडतां येतात. अमरकोश घोकलेल्यास पर्याय आणि नानार्थ यांचा हा भेद अपरिचित वाटूं नये.

मितीनें मात्र फार छळलें. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११७५. हें साल मृगारंभीं पालटतें. सबब महिना दिलेला नसेल तर तें १७७४ च्या जूनपासून १७७५ च्या जूनपर्यंत पसरतें. एकच इसवी साल लिहिलें कीं नोंद खोटी झाली. म्हणून ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन रकाने करून मूळ शब्द तिसऱ्यांत जसेच्या तसे ठेविले आहेत.

माहुलीचे सर्व उल्लेख आम्ही मूळ कागदांवरून पुन्हा तपासीत आहों. जेथें पुरावा अपुरा, तेथें स्थळाचा रकाना रिकामा ठेविला आहे. जुन्या यादीच्या प्रती ज्या संग्राहकांस आम्हीं दिल्या, त्यांनीं तींतील माहुलीच्या नोंदी तूर्त प्रमाण मानूं नयेत, अशी विनंति आहे.