आंब्याखालची आई : अनकाईच्या अंबिकेचा मागोवा

मनमाडहून दौंडच्या दिशेने गाडी निघाली की थोड्याच वेळात उजाड माळावर दोन डोंगर खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. हे अनकाई आणि टनकाई. दोघांच्या मधल्या खिंडीच्या पायथ्याशी अनकाई गाव आहे, येवला तालुक्यातलं. गावातून वर पाहिलं की टनकाईच्या दक्षिण अंगाला, कड्याच्या पोटात, काळी चौकटीदार तोंडं दिसतात. ही जैन लेणी. अकराव्या-बाराव्या शतकातली, संख्येने सात, आकाराने लहान आणि नक्षीने गच्च भरलेली. गडावर जाणारे बहुतेक जण पायऱ्या चढता चढता त्यांच्यात जेमतेम डोकावतात आणि वरच्या दरवाजाकडे निघतात. माझं मात्र तिथल्या एका मूर्तीपाशी अडतं.

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत दोन टोकांना दोन मोठ्या आकृत्या समोरासमोर होत्या. एक हत्तीवाला पुरुष, दुसरी सिंहावर बसलेली बाई. डोक्यावर आंब्याचं झाड, जवळ लेकरू. ही अंबिका. तिच्या अंगाखांद्यावर देवीच्या दराऱ्याचं फारसं काही नाही. बाई पोरांना घेऊन झाडाखाली टेकली आहे, एवढंच पाहणाऱ्याला आधी दिसतं. तिच्या पायाशी सिंह आहे हे त्यानंतर लक्षात येतं.

तिची कथा जैन ग्रंथांत पुष्कळ ठिकाणी येते आणि कोणत्याही कुलदैवताच्या कथेपेक्षा ती घरची वाटते. गिरनारजवळच्या गावात सोमशर्मा नावाचा ब्राह्मण राहत होता. त्याची बायको अग्निला. घरी श्राद्ध होतं, स्वयंपाक झाला होता, ब्राह्मण अजून पानावर बसायचे होते. तेवढ्यात दाराशी जैन मुनी आले आणि अग्निलेने त्यांना अन्न वाढलं. नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं. दोन पोरांना घेऊन ती डोंगराकडे निघाली. मुलं भुकेने, तहानेने रडू लागली, तेव्हा कोरड्या तळ्याला पाणी आलं आणि वठलेल्या आंब्याला फळं धरली. पुढे सोमशर्म्याला पश्चात्ताप झाला आणि तो तिला परत न्यायला निघाला. तो लांबून येताना दिसला तशी ती घाबरली. आता हा जीवच घेणार, असं वाटून तिने कड्यावरून उडी घेतली. ती मरून बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची यक्षी झाली. नवराही मेला आणि तिचं वाहन, सिंह, झाला. गोष्टीची पाठभेदांनी बरीच वळणं आहेत, पण कोरडं तळं, आंबा, दोन पोरं आणि सिंह झालेला नवरा हा गाभा कायम राहतो.

ही कथा अनकाईत ऐकताना वेगळीच लागते. इथला सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. मनमाडकरांनी वर्षानुवर्षं वाघदर्डी धरणाच्या तळाकडे डोळे लावून दिवस काढले आहेत, आणि नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येणं हे या गावाने उन्हाळ्यातलं साधं वेळापत्रक म्हणून सोसलं आहे. समोरच्या अनकाईच्या माथ्यावर अगस्तींचं स्थान आहे, समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषींचं. त्याच गावाच्या दुसऱ्या डोंगरात कोरडं तळं भरवणारी आई बसवावी, हे कोणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण हंडे-कळश्या घेऊन फिरणाऱ्या बायकांनी तिच्याकडे काय मागितलं असेल, हे सांगायला ग्रंथ लागत नाहीत.

आता तिच्या वंशावळीकडे येतो. अंबिका जैन आहे, पण तिचं माहेर कोणत्याही एका धर्मात नाही. ते यक्षपूजेत आहे. झाड, पाणी, धन आणि संतती यांचे राखणदार म्हणजे यक्ष. गावाच्या शिवारात, झाडाच्या बुंध्याशी, उघड्यावर त्यांची ठाणी असत. मनमाडहून फार लांब जावं लागत नाही. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत एक ठेंगू, पोटाळ, हसरा यक्ष मिळाला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे : कान्हदास, धंद्याने सोनार. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा ऐवज. विहार उभा करताना बौद्धांनी गावच्या यक्षाला हाकललं नाही, दाराशी जागा दिली, हे त्याच्यावरून कळतं.

पुढची पायरी अजिंठ्याची. पाचव्या शतकातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, मुख्य गाभाऱ्याच्या बाजूच्या दालनात, एक जोडपं शेजारी शेजारी बसलं आहे. पांचिक आणि हारीती. हारीतीच्या मांडीवर मूल आहे, आणि त्यांच्या बैठकीखालच्या पट्टीवर पोरांची शाळा कोरली आहे. काही पोरं गुरुजींपुढे आहेत, काही मागे दंगा करताहेत. मला विचाराल तर सगळ्या अजिंठ्यातल्या सर्वांत जिवंत कोरीवकामांपैकी ही वीतभर पट्टी आहे. हारीती मूळची राजगृहाची, दुसऱ्यांची पोरं खाणारी यक्षी. बुद्धाने तिचंच धाकटं पोर लपवलं, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं. तिने पोरं खाणं सोडलं आणि भिक्षूंनी तिला रोज जेवू घालायचं कबूल केलं. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की विहारांच्या ओसरीत किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात हारीतीची लेकुरवाळी मूर्ती असते, तिच्यापुढे रोज अन्न ठेवतात, आणि निपुत्रिक, आजारी माणसं तिला नवस बोलतात.

ओसरी ही जागा इथे महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो. अंबिकेचं आणि हारीतीचं नातं चित्रावरून तर दिसतंच. आणखी एक धागा आहे. हारीतीच्या धाकट्या मुलाचं नाव प्रियंकर, आणि दिगंबर परंपरेत अंबिकेच्या दोन मुलांपैकी एकाचंही नाव प्रियंकरच. एवढी खूण योगायोगाने पडत नाही.

जैनांकडे अंबिका कधी आली? सहाव्या शतकाच्या सुमाराला ती आलेली दिसते. बडोद्याजवळ अकोटा इथे १९५१ साली जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. त्यावर जैन मूर्तिकलेचे अभ्यासक उमाकांत शाह यांनी आयुष्य घालवलं म्हटलं तरी चालेल. त्या साठ्यातल्या मूर्तींत तीर्थंकराच्या दोन बाजूंना धनाची पिशवी घेतलेला यक्ष आणि आम्रलुंबी म्हणजे आंब्याचा घड धरलेली अंबिका बसलेली आहे, आणि तीर्थंकर ऋषभनाथ असले तरी जोडी तीच. चोवीस तीर्थंकरांना चोवीस यक्ष आणि चोवीस यक्षी वाटून देण्याची व्यवस्था नंतरची. त्यात अंबिका नेमिनाथांच्या वाट्याला गेली. पण मूर्तिकारांनी ही वाटणी फारशी मनावर घेतली नाही. कोणीही जिन गाभाऱ्यात असो, दाराशी हीच जोडी.

यामागे पक्की गरज आहे. तीर्थंकर रागद्वेषाच्या पलीकडे गेलेले. ते कोणाला काही देत नाहीत आणि कोणाचं काही काढून घेत नाहीत. त्यांच्यापुढे पाऊस मागता येत नाही, पोराचा ताप उतरव म्हणता येत नाही. संसारी माणसाला मात्र हे मागावंच लागतं. म्हणून गाभारा मुक्तीला दिला आणि ओसरी संसाराला. मोठ्या घरात मालक आत बैठकीत असतात आणि अडीनडीचं बोलणं ओसरीवरच्या आईशी होतं, तसंच हे. अंबिका दीड हजार वर्षं टिकली ती या ओसरीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

वेरूळमध्ये या ओसरीचा थाट पाहावा. बत्तिसाव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर, नवव्या शतकाच्या आसपास, एका टोकाला वडाखाली हत्तीवर बसलेला यक्ष आणि दुसऱ्या टोकाला आंब्याखाली सिंहावर बसलेली अंबिका कोरली आहे. मांडीवर मूल, डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या. हत्ती पाहून पुढच्या लोकांनी त्या यक्षाला इंद्र ठरवलं आणि सगळं लेणंच इंद्रसभा झालं. हीच समजूत अनकाईलाही पोचली. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांच्या १८८० सालच्या लेण्यांवरच्या मोठ्या ग्रंथात टनकाईच्या ओसरीतला हत्तीवाला इंद्र म्हणूनच नोंदला आहे.

वेरूळहून अनकाईला येणारी वाट सरळ आहे. यादवांची सत्ता आधी सिन्नरला आणि मग देवगिरीला. त्या काळात या भागातले जैन व्यापारी चांगले सधन होते. त्र्यंबकजवळच्या अंजनेरीला शके १०६३ म्हणजे इसवी सन ११४२ च्या सुमाराचा शिलालेख आहे. यादव राजा सेऊणचंद्राने तिथल्या चंद्रप्रभ जिनालयाला बाजारातली दुकानं दान दिली, हे त्यात कोरलेलं आहे. दुकानाच्या उत्पन्नावर चालणारं देवालय! चांदवडच्या डोंगरात, नाशिकच्या चांभारलेण्यात, मांगीतुंगीच्या कड्यांत याच सुमाराला छिन्नी चालत होती. अनकाईची खिंड गुजरात-खानदेशाकडून दख्खनेत येणाऱ्या रस्त्यावरची. तांड्यांचा मुक्काम तिथे पडत असणार, आणि थांबलेल्या व्यापाऱ्याला गावावरच्या कड्यात आपला देव हवाच.

कारागिरांनी तिथे बेसॉल्टला काय करायला लावलं ते तिसऱ्या लेण्याच्या छतात पाहावं. सगळं छत म्हणजे एक कमळ. एकात एक पाकळ्यांची वर्तुळं, आणि पाकळ्यांवर नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, वाहनांवर बसलेल्या चिमुकल्या आकृत्या. मान वर करून एकेक पाकळी पाहू लागलं की तासभर सहज जातो. हा दगड लाकडासारखा वागत नाही. एक ठोका चुकला की टवका उडतो, आणि छतावरून उडालेला टवका परत लावता येत नाही.

पुढची शतकं किल्ल्याची झाली. १६३५ मध्ये शाहजहानच्या फौजेने अनकाई-टनकाई घेतले, १८१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. लेण्यांतल्या मूर्तींची तोंडं झिजली, फुटली. ओसरीतला हत्तीवाला यक्ष जागचा हलला. जैन वस्ती पांगली असावी, कारण अंबिकेला अंबिका म्हणणारं कोणी उरलं नाही. तरीही ती पुजली जात राहिली. एकोणिसाव्या शतकातली नोंद अशी की गावकऱ्यांनी तिला थोडा चुना-रंग चढवून भवानी केलं होतं. संशोधकांच्या लिहिण्यात अशा वेळी जरा नाराजीचा सूर येतो. मूर्ती विद्रूप झाली, ओळख पुसली गेली. मला तो सूर पटत नाही. यक्षी, हारीती, अंबिका, भवानी या ओळीत गावाने आपलं काम नेमकं केलं. सिंह आहे, लेकरू आहे, म्हणजे ही आई आहे, एवढं त्यांना दिसलं आणि ते बरोबर होतं. चांदवडची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी यांच्या मुलखात डोंगरातल्या बाईला दुसरं काय म्हणायचं?

डोंगर कोरायची ही ओढ इथे अजून संपलेली नाही. मांगीतुंगीला १९९६ साली जैन साध्वी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने मनात आलेली ऋषभदेवांची १०८ फुटी अखंड मूर्ती २०१६ च्या जानेवारीत पूर्ण झाली आणि फेब्रुवारीत तिची प्रतिष्ठा झाली. पायथ्याच्या भिलवाडी गावात त्यानंतर माणसांची रीघ लागली. तिच्यापुढे माणूस मुंगीएवढा होतो, आणि ते तसंच असायला हवं. ती मुक्त पुरुषाची मूर्ती आहे. अनकाईची अंबिका मात्र ओसरीत, हाताच्या अंतरावर आहे. हा हाताच्या अंतराचा फायदा तिला बाधलाही आहे. रंगाने, नावं कोरणाऱ्या पोरांनी, दिव्यांच्या काजळीने अशा मूर्तींचं नुकसान होतं, आणि नवस बोलणाऱ्या गावाने घडवलेला बदल आणि सहलीच्या पोराने खिळ्याने ओढलेली रेघ या दोन गोष्टी एक नव्हेत.

जायचं तर पौष-माघात जावं. लेण्यांची तोंडं दक्षिणेला आहेत. थंडीत सूर्य खाली असतो, त्यामुळे दुपारचं ऊन ओसरीत आतपर्यंत शिरतं आणि छिन्नीचे घाव वाचता येतात. उन्हाळ्यात तो डोक्यावर गेला की ओसरी अंधारी राहते आणि चढही जीव काढतो. सोबत पाणी भरपूर घ्यावं. आणि जमल्यास त्याआधी अजिंठ्याचं दुसरं आणि वेरूळचं बत्तिसावं लेणं पाहून यावं, म्हणजे टनकाईवरच्या झिजलेल्या दगडात आंबा कुठे आणि पोर कुठे, हे कोणाला विचारावं लागत नाही.