मोजून घ्यायचे औषध : प्रस्तावना

चंदगड तालुका महाराष्ट्रात आहे, पण तिथल्या माणसाला जवळचे मोठे शहर म्हणजे बेळगाव. निपाणी कर्नाटकात आहे, पण तिथून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आजारी माणसाच्या वाटा मात्र होत्या तशाच राहिल्या. ऑपरेशन एका राज्यात, तपासणी दुसऱ्या राज्यात, गोळ्या गावातल्या मेडिकलमधून आणि कागद वाचून दाखवायला घरातली शिकलेली लेक किंवा नातू, असा इथल्या उपचाराचा रोजचा शिरस्ता आहे. बहुतेक दुखण्यांत एवढ्यावर निभावून जाते. लोक ज्याला ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतात, तिच्या बाबतीत निभावत नाही. मधला एक दुवा निसटला, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो किंवा बसवलेली झडप गुठळीने अडकू शकते.

डॉक्टरांनी लिहून दिलेली ही गोळी सुरक्षितपणे कशी घ्यावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेले, हृदयाचे ठोके अनियमित पडणारे, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेले असे रुग्ण ही गोळी महिनोन्‌महिने, कित्येकदा जन्मभर घेतात. त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी, आशाताई आणि एएनएमसाठी, औषध दुकानदारांसाठी आणि वैद्यकाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी हे लेखन आहे. यातल्या सगळ्या प्रकरणांमागे एकच म्हणणे आहे: हे औषध मोजून घ्यायचे असते, आणि मोजण्याचे निम्मे काम रुग्णाच्या घरात होते.

या औषधाचा उगम गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे दगावू लागली. शिंगे कापली किंवा साधी जखम झाली, तरी रक्त थांबेना. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने बुरशी लागलेल्या स्वीट क्लोव्हर गवताकडे बोट दाखवले. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, ते खराब गवत आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन हिमवादळातून मॅडिसनला पोचला. तिथे कार्ल पॉल लिंक यांची प्रयोगशाळा होती. सहा-सात वर्षे खपून तिने गवतातले, रक्त गोठू न देणारे डायकुमारॉल वेगळे काढले. त्याच कुळातले वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. उंदराच्या औषधाची ही गोष्ट ऐकून अनेक घरांत भीती बसते. भीतीने गोळी बंद करू नये; मात्रेचे मोल किती आहे, हे त्या गोष्टीतून घ्यावे. विष आणि औषध यांच्यात इथे फरक आहे तो मोजमापाचा.

आपल्याकडे वॉर्फरिनबरोबर ॲसेनोकुमारॉल ही त्याच गटातली गोळी मोठ्या प्रमाणावर चालते. यकृत गुठळीसाठी लागणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक व्हिटॅमिन ‘के’च्या मदतीने तयार करते. ही गोळी त्या व्हिटॅमिनचा पुनर्वापर अडवते. रक्ताचा दाटपणा आहे तसाच राहतो, गुठळी व्हायला लागणारा वेळ तेवढा वाढतो. रक्तात आधीपासून असलेले घटक संपायला काही दिवस जातात, म्हणून सोमवारी चुकलेल्या गोळीचा परिणाम बुधवार-गुरुवारी दिसतो. ‘काल गोळी नाही घेतली, तरी काही झालं नाही’ हा दिलासा त्यामुळेच फसवा आहे.

आता मोजमापाकडे येऊ. हातातून घेतलेले रक्त निळसर झाकणाच्या नळीत जाते. तिच्यात थोडे सायट्रेट असते. नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेले आहे, म्हणून नळी खुणेपर्यंत भरावी लागते. अर्धवट भरली, तर आकडा खोटा वाढलेला येतो. पुढे रक्ताच्या द्रवभागात थ्रॉम्बोप्लास्टिन मिसळून गुठळी व्हायला किती सेकंद लागतात, ते पाहतात. पण थ्रॉम्बोप्लास्टिन कोणाचे आणि कसे तयार केलेले, यावर सेकंद बदलतात. पूर्वी प्रत्येक बाजारपेठेचा शेर वेगळा असायचा, तशी ही अडचण होती: एकाच माणसाचे रक्त दोन गावांत दोन वेगळे आकडे देई. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआरची पद्धत रूढ केली. रुग्णाचे सेकंद निरोगी माणसांच्या सरासरी सेकंदांनी भागायचे आणि त्या भागाकाराला वापरलेल्या रसायनाच्या संवेदनशीलतेचा घात द्यायचा. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. अनियमित ठोके किंवा पायातली गुठळी असेल, तर तो बहुधा २ ते ३ ठेवतात; हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल, तर बहुधा २.५ ते ३.५. आपल्यासाठी नेमका किती, हे डॉक्टर ठरवतात आणि ते प्रत्येक रुग्णाला तोंडपाठ असावे.

सीमाभागासाठी या आकड्याचे महत्त्व वेगळेच आहे. चिठ्ठी इंग्रजीत, नर्सताई कन्नड बोलणारी आणि रुग्ण मराठी, अशी गाठ इथे रोज पडते. निपाणीत काढलेला २.४ हा आयएनआर कोल्हापुरात आणि बेळगावात त्याच अर्थाने वाचला जातो. तरीही शक्य तो तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे उरलासुरला फरकही टळतो.

या आकड्याला अर्थ येतो तो वहीने. दोनशे पानी साधी वही पुरते. पानावर पाच रकाने आखावेत: तारीख, आयएनआर, रोजची मात्रा, पुढच्या तपासणीची तारीख आणि मधल्या काळात काय बदलले. एक ओळ अशी दिसेल: ‘१२ जून, १.७, सोम ते शनि २ मि.ग्रॅ., रवि ३ मि.ग्रॅ., पुढची तपासणी १९ जून, टीबीची गोळी सुरू.’ शेवटच्या रकान्यातले तीन शब्द वाचले, की आकडा का उतरला, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळते, कारण टीबीवरचे रिफॅम्पिसिन हे औषध रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम कमी करते. ते शब्द नसतील, तर मात्रा नुसत्या अंदाजाने वाढते आणि टीबीचे औषध संपल्यावर तीच मात्रा अंगावर येते. पहिल्या पानावर आजाराचे नाव, झडपेचा प्रकार, ठरलेला आयएनआर आणि गोळीचे मूळ नाव लिहावे. वॉर्फरिन आणि ॲसेनोकुमारॉल मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नाहीत, आणि एकाच कंपनीच्या १, २ आणि ४ मिलिग्रॅमच्या पट्ट्या गडबडीत सारख्या भासतात. जुनी पट्टी दाखवून नवी घ्यावी आणि आकडा दुकानातच वाचून पाहावा.

आहाराच्या प्रकरणावर आम्ही मुद्दाम जास्त पाने दिली आहेत, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. ‘पालेभाजी बंद’ असे अनेकांना वाटते. मेथी, पालक, शेपू, चाकवत, हरभऱ्याचा पाला यांत व्हिटॅमिन ‘के’ भरपूर असते हे खरे. पण आठवड्याला जेवढी भाजी नेहमी खातो, तेवढी खात राहिले, तर मात्रा त्या आहाराला बसवता येते. त्रास होतो तो अचानक बदलाने. थंडीत शेतातला हरभऱ्याचा पाला रोज ताटात आला, की आयएनआर उतरतो. श्रावणातले उपवास, नवरात्र, जुलाब, तापाने तुटलेले जेवण यांनी तो चढतो. म्हणून पंचांगातले उपवास आधीच वहीत मांडून डॉक्टरांशी बोलावे. उपास करायचाच असेल, तर तो कसा करायचा, ते ठरवता येते.

दुसरी जोखीम आहे इतर औषधांची. अंगदुखीला मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन पोटात रक्तस्राव घडवू शकते. जुलाबावरचे मेट्रोनिडाझोल, लघवीच्या संसर्गावरचे कोट्रायमोक्साझोल, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल आयएनआर झपाट्याने चढवतात. फिटवरच्या काही गोळ्या तो उतरवतात. जडीबुटी, काढे, भस्मे यांत काय आहे, हे ठाऊक नसेल, तर ती टाळणेच बरे. गावाकडे ‘एक सुई मारा’ असे म्हणायची सवय आहे. ही गोळी घेणाऱ्याच्या कंबरेत किंवा दंडात सुई मारली, तर स्नायूत रक्त साचू शकते. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूचा विषय वगळून चालणार नाही. बिडी किंवा सिगारेटच्या धुराने वॉर्फरिनची गरज थोडी वाढते; ओढणे सोडल्यावर आयएनआर चढू शकतो. बिडी जरूर सोडावी आणि सोडल्याचे डॉक्टरांना लगेच सांगावे.

या गोळीची गरज काहींना तरुण वयातच का पडते, हाही अभ्यासाचा विषय आहे. लहानपणी घसा सुजतो, वेळीच उपचार होत नाही, ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि मायट्रल झडप आकसते. ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळत राहिले, तर पुढचे बरेच टळते. रक्त पातळ करणाऱ्या नवीन गोळ्यांना सतत आयएनआर लागत नाही, मग त्या सगळ्यांना का देत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. कृत्रिम झडपांवरचा डॅबिगॅट्रान या नव्या गोळीचा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्याने मध्येच थांबवावा लागला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ चा इनव्हिक्टस अभ्यास २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा होता आणि दिल्लीच्या एम्सचे गणेशन कार्तिकेयन त्याच्या प्रमुखांपैकी एक. ऱ्हुमॅटिक हृदयविकाराबरोबर अनियमित ठोके असलेल्या या रुग्णांत, जुनी गोळी घेणाऱ्यांचे मृत्यू रिव्हारोक्साबान ही नवी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. म्हणजे आपल्या भागातल्या अनेक रुग्णांसाठी जुनी गोळी ही नाइलाजाची निवड ठरत नाही, तीच योग्य निवड आहे. ज्यांना नवी गोळी योग्य आहे, त्यांनीही मूत्रपिंडाची तपासणी चुकवू नये. तिचा परिणाम दिवसभरात ओसरतो, म्हणून तिथे एकेक गोळी महत्त्वाची.

झडप बसवलेल्या तरुण मुलींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. वॉर्फरिन वारेतून बाळापर्यंत पोचते आणि गर्भधारणेच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्यंगाचा धोका अधिक असतो. गुठळी रोखणारे हेपॅरिनचे इंजेक्शन वार ओलांडत नाही, पण त्यावर झडप सांभाळणे अवघड असते. हा निर्णय दिवस राहण्याआधी, नवरा-बायकोने मिळून डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा असतो. पाळी चुकली, तर त्याच आठवड्यात सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ही गोष्ट सासू-सुनांमध्ये मोकळेपणाने बोलली जावी, एवढी कळकळ या प्रकरणामागे आहे.

धोक्याच्या खुणा सगळ्या घराने ओळखाव्यात. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, हिरड्यांतून रक्त, कारण नसता अंगावर काळे-निळे डाग, अचानक तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे. गाडीवरून पडून डोक्याला मार लागला आणि बाहेर रक्त दिसले नाही, तरीही दवाखाना गाठावा. या जुन्या गोळीचा डोस चुकला, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावा. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत आणि वहीत लिहावे. दात काढायचा असेल, तर दाताच्या डॉक्टरांना वही दाखवावी.

एवढी शिस्त खेड्यात जमेल का, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर बेळगाव जिल्ह्याने दिले आहे. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. २००२ ते २००५ या काळात त्याच्या पुढाकाराने ग्रामीण बेळगावात १,६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून एएनएमनी निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉल दिले, निम्म्या जणींना औषध नसलेली गोळी. आणि किती रक्त गेले, हे नजरेच्या अंदाजावर न सोडता अंगाखाली अंथरलेल्या, मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी ते मोजले. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. तो विषय वेगळा होता, पण खेड्यातल्या एएनएमच्या हातून रक्त काटेकोर मोजले जाते आणि त्याने जीव वाचतात, याचा हा पुरावा जगाने इथून घेतला.

पुस्तक क्रमानेच वाचायला हवे असे नाही. रुग्णाने वही आणि आहाराच्या प्रकरणांपासून सुरुवात करावी, दुकानदाराने औषधांच्या तक्त्यापासून, विद्यार्थ्याने इतिहासापासून. यातले काहीही डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही. त्यांना नेमके काय विचारायचे, एवढे मात्र शिकवते. या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे: मराठी-कन्नड जोड वही, आठवडी बाजाराच्या दिवशी गावात तपासणी, शाळेत दुखऱ्या घशाकडे लक्ष. त्यासाठी मोठ्या पदव्या लागत नाहीत. तुमच्या घरात किंवा गल्लीत कोणी ही गोळी घेत असेल, तर पुढचे पान उलटण्याआधी त्यांना विचारा: शेवटचा आयएनआर किती होता, आणि कोणत्या तारखेचा? उत्तर आले नाही, तर उद्या सकाळी त्यांच्यासोबत तपासणीला जा.