वचनदत्त भूमी आणि मराठवाड्याचे गायरान

ओसाड भूमी नांगराखाली आणणाऱ्या माणसाची कथा जगातील अनेक भाषांत सांगितली गेली आहे. निकोलाय आर्सेल यांनी २०२३ साली पडद्यावर आणलेला ‘द प्रॉमिस्ड लँड’ हा डॅनिश चित्रपट याच परंपरेतील आहे. इडा येस्सेन या लेखिकेच्या कादंबरीवर तो आधारलेला असून त्याचा नायक लुडविग कालेन हा इतिहासात होऊन गेलेला मनुष्य आहे. सैन्यातून निवृत्त झालेला हा कप्तान १७५५ साली जटलंडच्या माळावर वस्ती करण्यास निघतो. तो माळ पिकावा ही राजाची इच्छा असते, पण दरबारी अधिकाऱ्यांचा त्यावर विश्वास नसतो. राजाची मर्जी राखावी एवढ्यासाठीच ते कालेनला परवानगी देतात. तो माती तपासतो, झुडपे जाळतो, बटाट्याचे बियाणे लावतो. माती हळूहळू वळते, पण शेजारचा जमीनदार वळत नाही. हा सारा माळ आपलाच आहे असे तो म्हणतो, आणि राजाचा कागद दाखवूनही त्याचा जुलूम थांबत नाही.

त्या काळचा डेन्मार्क समजून घेतल्यावाचून या कथेचे मर्म ध्यानात येत नाही. १७३३ च्या कायद्याने तेथील शेतकरी पुरुषांना जमीनदाराची जहागीर सोडून जाण्यास मनाई केली होती. हे बंधन रद्द करण्याचा निर्णय १७८८ साली झाला. माळावर स्वतंत्र शेतकरी उभा राहिला की जहागिरीवरील बांधलेला शेतकरीही मान वर करील, ही त्या जमीनदाराची खरी भीती होती. त्याला बटाट्याचे भय नव्हते, बटाटा पिकवणाऱ्याचे होते.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. कालेनसारखी माणसे येथे गावोगाव आहेत. फरक इतकाच की त्यांच्या हाती राजाचा कागद नव्हता, आणि त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही.

या दोन जिल्ह्यांची भूमी एकसारखी नाही. गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या काठी काळी, खोल, ओल धरणारी जमीन आहे. तेथून वर चढून गेले की बालाघाटाच्या रांगा लागतात. अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांत अनेक गावांच्या माथ्यावर मुरमाड माळ पसरलेले दिसतात. वर बोटभर माती, खाली मुरूम आणि मध्ये धोंडे. तेथे कुसळी गवत, तरवड, बाभूळ आणि घाणेरी आपोआप वाढतात. काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या देशमुख, पाटील व इतर वतनदार घराण्यांकडे राहिली. माळ मात्र सरकारी दप्तरात गायरान किंवा पडीक म्हणून नोंदला गेला. गावची गुरे तेथे चरत, गावकुसाबाहेरची माणसे तेथून सरपण आणीत.

निजामी राजवटीत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि महसुलाचा कारभार १३१७ फसलीच्या कायद्याने चाले. महार, मांग आदी जातींतील माणसे गावकीची कामे करीत, शेतावर राबत, पण जमिनीच्या नोंदवहीत त्यांची नावे क्वचितच येत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या आणि १९५० साली कूळकायदा आला. या सुधारणा मोठ्या होत्या. तरीही एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. कूळकायद्याचा लाभ कुळाला मिळतो, आणि जो कूळही नव्हता, केवळ सालगडी किंवा मजूर होता, त्याच्या पदरात या कायद्याने काय पडणार? विनोबांना भूदानाचे पहिले दान मिळाले ते १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे. ते गावही तेव्हा याच हैदराबाद राज्यात होते. तेथील भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितले आणि एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केले. दानाचा तो मार्ग पवित्र खराच, परंतु देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असलेला होता.

भूमिहीनांनी दुसरा मार्ग धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५३ च्या सुमारास मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनीसाठी सत्याग्रह सुरू केला. पुढे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९५९ साली भूमिहीनांचा मोठा लढा दिला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशव्यापी झाला आणि हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. मागणी साधी होती. जी जमीन कोणी कसत नाही, ती कसण्यास तयार असलेल्या हातांना द्यावी. विसाव्या शतकाच्या अखेरीस एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या द्वारे हीच मागणी मराठवाड्यातील खेड्यांत पुन्हा जागी केली. आवाड २०१५ साली निवर्तले, पण त्यांचे नाव आजही गायरानावरील वस्त्यांत आदराने घेतले जाते.

माळ फोडणे म्हणजे काय, हे शहरातील वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होईल. पहिल्या उन्हाळ्यात काटेरी झुडपे मुळासकट काढावी लागतात. त्यानंतर धोंडे वेचायचे. बाया आणि मुले डोक्यावरून धोंडे वाहतात आणि उताराच्या कडेला त्यांचीच ताल घालतात, म्हणजे पावसाचे पाणी अडते आणि वरून वाहून येणारी माती तेथे थांबते. बैल स्वतःचे नसतात, ते मजुरीच्या बदल्यात मागून आणायचे. पहिल्या वर्षी नांगराचा फाळ मुरमावर नुसता घासत जातो. अशा जमिनीत हुलगा, मटकी, कारळ अशी कमी मागणारी पिके घ्यायची. तीन-चार पावसाळे गेल्यावर ज्वारी किंवा तूर उभी राहते. अलीकडच्या काळात तेथे सोयाबीनही दिसते. एवढे करूनही वर्षाची भाकरी पुरत नाही, आणि दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. जमीन त्यांना श्रीमंत करीत नाही. ती त्यांना इतकेच बळ देते की पाटलाच्या दारी उभे राहताना मान खाली घालावी लागत नाही.

नेमके हेच अनेकांना सहन झाले नाही. उभ्या पिकात गुरे सोडणे, किराणा आणि दळण बंद करणे, मजुरीवर न बोलावणे, रात्री झोपडी पेटवणे, हे प्रकार या प्रदेशाला नवे नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्याला त्याची झळ फार लागली आणि टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. निमित्त विद्यापीठाच्या नावाचे होते. तथापि दलितांच्या हाती आलेली जमीन, शिक्षण आणि स्वाभिमान यांविषयीचा रोष त्यामागे होता, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जटलंडच्या जमीनदाराचे भय येथे निराळ्या वेषात प्रकट झाले.

शासनाने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरवली असे म्हणता येणार नाही. १९७८ मध्ये काढलेल्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने ही मर्यादा १४ एप्रिल १९९० पर्यंत वाढवण्यात आली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो पहिला दिवस होता. निर्णय उदार होता, पण त्याबरोबर एक प्रश्न उभा राहिला. या तारखेपूर्वी आपण ही जमीन कसत होतो, हे निरक्षर माणसाने सिद्ध कसे करावे?

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. अतिक्रमण केले म्हणून तलाठ्याने केलेला पंचनामा, गाव नमुना एक-ई मधील अतिक्रमणाची नोंद, तहसीलमध्ये भरलेल्या दंडाची पावती, पीक नासवले म्हणून पोलिसांत दिलेली फिर्याद, असे शिक्षेचे आणि संकटाचे कागदच त्यांच्या हक्काचे पुरावे ठरले. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या अशा पावत्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. ज्याला गुन्हेगार म्हणून दंड झाला, तो तो दंडच जपून ठेवतो, कारण सरकारने त्याचे अस्तित्व मान्य केल्याची तेवढीच खूण त्याच्यापाशी असते. कालेनला राजाने कागद दिला होता. आमच्या माळावरच्या माणसाने आपला कागद दंड भरून मिळवला.

या प्रश्नाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गायरान हे मुळात गुरांसाठी आणि साऱ्या गावासाठी राखलेले असते. शेळ्यामेंढ्यांवर जगणारा धनगर आणि एका म्हशीवर संसार चालवणारी विधवा हीदेखील गरीबच माणसे आहेत. सार्वजनिक जमिनी बळकावल्या जात आहेत हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात अशी अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही त्यानुसार निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच विषय आल्यावर गावोगाव नोटिसा पोहोचल्या. मात्र सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात अपवादही नमूद केला होता. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय आदेशाने दिलेल्या जमिनीचा विचार निराळा करता येतो. न्यायालयाने केलेला हा भेद फार मोलाचा आहे. गावच्या गायरानावर आपली संस्था उभारणारा धनवंत आणि दोन एकर मुरूम फोडून तूर पेरणारी बाई, या दोघांना ‘अतिक्रमणधारक’ हा एकच शब्द लावला, तर न्यायाची तागडी कोठल्या बाजूला झुकेल हे सांगावयास नको.

ख्रिस्ती वाचकाने या इतिहासाकडे पवित्र शास्त्राच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर भूमीवर स्वतःची मालकी सांगतो आणि माणसाला तेथे पाहुण्यासारखे राहावयास शिकवतो. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण उपासनेत ऐकतो. तेथे राणी खोटे साक्षीदार उभे करवते, राजा नाबोथाची जमीन घेतो, आणि एलिया संदेष्टा त्याला जाब विचारतो. यशया संदेष्टा शेताला शेत जोडीत जाणाऱ्यांचा धिक्कार करतो, आणि नव्या सृष्टीविषयी बोलताना सांगतो की तेथे लावणाराच आपल्या मळ्याचे फळ खाईल. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात, माणूस आपल्या कष्टाने भूमीवर स्वतःचा ठसा उमटवतो, हा विचार मांडला. सहावे पॉल यांनी १९६७ साली ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’मध्ये बजावले की खाजगी मालकी हा निरपवाद हक्क नाही, सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे.

ख्रिस्तसभेने हे तत्त्व स्वतःच्या अंगणातही तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत गणला जात नाही. शीख दलितांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्या यादीत स्थान मिळाले, ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. म्हणून जेथे एखादी सवलत जातीच्या दाखल्यावर अवलंबून असते, तेथे एकाच माळावर, एकाच बांधाला लागून कसणाऱ्या दोन भावांपैकी बाप्तिस्मा घेतलेल्या भावाला रांगेबाहेर उभे राहावे लागते. त्याने श्रद्धा लपवावी की जमीन सोडावी? या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रवचनाने देता येत नाही.

चित्रपटातील कालेनला अखेर सरदारकी मिळते. परंतु ती हाती आल्यावर, आपल्यासोबत राबलेल्या स्त्रीला सोडवण्यासाठी तो माळ मागे टाकून निघून जातो. भूमीपेक्षा माणूस मोठा, हा त्याचा बोध आहे. आमच्या माळावरच्या कष्टकऱ्याला असा पर्याय उपलब्ध नाही. त्याच्यासाठी माणूसपण आणि भूमी या दोन गोष्टी अजून वेगळ्या झालेल्या नाहीत. म्हणून आमच्या धर्मग्रामांतील सुशिक्षित तरुणांना एक विनंती आहे. वस्तीवर जा, पेट्यांतील कागद पाहा, त्यांच्या नकला काढा, अर्ज लिहून द्या, तलाठी कार्यालयात म्हाताऱ्यांसोबत उभे राहा, आणि घरातील बाईचे नाव अर्जात राहून गेले नाही ना, हे पाहा. १९९० पूर्वी ज्यांनी माळ फोडला त्यांतील अनेकजण आज हयात नाहीत. साक्ष देऊ शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत, आणि दंडाच्या पावतीवरील शाई उडत चालली आहे.