बिलियर्ड्स टेबल, जुने : ओळख व कालनिर्णय

बिलियर्ड्स, स्नूकर किंवा पूल या खेळांसाठी बनवलेल्या जुन्या टेबलाचा प्रकार, निर्माता आणि बनावटीचा काळ त्याच्या भागांवरून ठरवण्याची पद्धत. भारतात ‘जुने पूल टेबल’ म्हणून दाखवले जाणारे टेबल बहुधा इंग्रजी बनावटीचे, बारा बाय सहा फुटी बिलियर्ड्स टेबल असते. एकाच टेबलावर वेगवेगळ्या काळातले भाग सहज आढळतात, म्हणून कालनिर्णय कोणत्याही एका खुणेवर न करता अनेक खुणांच्या मेळावर करावा लागतो.

प्रादेशिक पार्श्वभूमी : ही नोंद ज्या टापूला डोळ्यांसमोर ठेवते तो पांढुर्णा व सौंसर हा मध्य प्रदेशातील मराठीभाषक पट्टा 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता, आता तो पांढुर्णा जिल्ह्यात आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते व नागपूर त्या प्रांताची राजधानी होती. या भागाला बिलियर्ड्सची सर्वांत जवळची परंपरा नागपूरचे सिव्हिल लाइन्समधील क्लब आणि जबलपूरची छावणी यांची. 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावरच रंगीत चेंडू वाढवून स्नूकर रूढ केले. पुढे 1882 मध्ये उटी क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. स्नूकर हा खेळ अशा टेबलापेक्षा वयाने लहान असल्याने, टेबलावर स्नूकर खेळले जाई एवढ्यावरून त्याचे वय ठरत नाही.

पूर्ण आकाराच्या टेबलाचे वजन सुमारे दीड टन भरते. नागपूरला रेल्वे 1867 मध्ये पोचली. 1870 मध्ये मुंबई-कोलकाता मार्ग जबलपूरवरून जोडला गेला. त्यामुळे या टापूत अवजड स्लेटची टेबले मुख्यतः रेल्वेनंतर आली असे मानणे सयुक्तिक ठरते. मात्र टेबल गावात आले ते वर्ष आणि टेबल बनले ते वर्ष एकच असेल असे नाही. क्लब आणि संस्थाने वापरलेली टेबलेही विकत घेत.

प्रकार ओळखणे : प्रथम माप घ्यावे. पूर्ण आकाराच्या इंग्रजी टेबलाची कुशनांच्या आतली जागा सुमारे 11 फूट 8½ इंच × 5 फूट 10 इंच असते आणि त्याला सहसा आठ पाय असतात. अमेरिकी पूल टेबल आठ किंवा नऊ फुटी असते. दुसरी खूण पॉकेटच्या तोंडाची. इंग्रजी टेबलात कुशन पॉकेटकडे गोलाई घेत वळते, तर पूल टेबलात ते कोन करून सरळ कापलेले असते. स्नूकरचा चेंडू 52.5 मिमी आणि पूलचा सुमारे 57 मिमी व्यासाचा असल्याने पॉकेटांची रुंदीही वेगळी असते. चार किंवा सहा पायांची, जेवणाच्या मेजाचेही काम देणारी लहान टेबले घरगुती वापराची असून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती लोकप्रिय होती.

पाट : बनातीखालची फरशी हा कालनिर्णयाचा पहिला टप्पा. लंडनच्या थर्स्टन कंपनीने 1826 मध्ये लाकडी फळ्यांऐवजी स्लेटचा पाट वापरात आणला. लाकडी पाटाचे अस्सल टेबल फार दुर्मिळ असून ते साधारणतः त्या बदलाच्या काळातले किंवा आधीचे असते. सुरुवातीच्या स्लेटा पातळ होत्या. पुढे पूर्ण टेबलासाठी दीड ते दोन इंच जाडीच्या पाच स्लेटा ही रीत रूढ झाली. स्लेटांचे सांधे, सांध्यांतल्या खुंट्या आणि काठावरच्या छिन्नीच्या खुणा टेबलाखाली वाकून, तिरप्या उजेडात पाहाव्यात. स्लेट आणि चौकट यांवर जुळणीचे आकडे असतील तर ते एकमेकांशी ताडून पाहावेत. आकडे जुळले नाहीत तर दोन टेबलांचे भाग एकत्र आल्याची शक्यता असते.

कुशन : आरंभी कुशनांत कापडाच्या पट्ट्या भरत. थर्स्टनने 1835 च्या सुमारास रबर वापरले, पण थंडीत ते कडक होई. 1845 मध्ये व्हल्कनाइझ्ड रबराच्या कुशनांचे पेटंट घेतल्यावर ही अडचण दूर झाली. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या विंडसर राजवाड्यात थर्स्टनचे टेबल बसले. सातपुड्याच्या पायथ्याशी उन्हाळा कडक असतो. अशा हवेत रबर काही दशकांत कोरडे पडून चेंडूला उसळी देईनासे होते, म्हणून ते अनेकदा बदललेले असते. रबर नवे आहे यावरून टेबल नवे ठरत नाही. कुशनाची लाकडी पट्टी, तिच्या मागची बोल्टची भोके आणि बोल्ट झाकणाऱ्या लाकडी चकत्या अधिक विश्वासार्ह असतात.

पाय व लाकूड : कातारकामाचे जाड, फुगीर पाय आणि उभ्या खोबणींचे पाय व्हिक्टोरियन काळात विशेष प्रचलित होते, चौकोनी, खाली निमुळते होणारे साधे पाय एडवर्डियन काळात वाढले. परंतु निर्माते जुने नमुने दीर्घकाळ बनवत राहिल्याने पायांवरून वर्ष नव्हे, तर फार तर काही दशकांची मर्यादा कळते. इंग्लंडहून आलेल्या टेबलांत महोगनी व ओक सामान्य आहेत. सागवान दिसल्यास टेबल किंवा त्याचा काही भाग भारतात बनला असण्याची शक्यता तपासावी. वाळवीने खाल्लेला पाय किंवा चौकटीचा तुकडा स्थानिक सुताराने सागात नवा घातलेला असतो. अशा दुरुस्तीत फिलिप्स पद्धतीचे, म्हणजे अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू आढळल्यास ते काम 1930 च्या दशकानंतरचे समजावे.

पाटी व निर्माता : थर्स्टन, बरोज अँड वॉट्स (स्थापना 1836), कॉक्स अँड येमन, ऑर्म अँड सन्स आणि रायली ही ब्रिटिश टेबलांवरची ठळक नावे. पाटीवरील पत्ता नावाइतकाच बोलका असतो. थर्स्टनच्या पाटीवर लंडनचा कॅथरिन स्ट्रीट असेल तर टेबल एकोणिसाव्या शतकातले, लेस्टर स्क्वेअर असेल तर 1901 नंतरचे असते. राजघराण्याच्या उल्लेखात ‘राणी’ असल्यास टेबल 1837 ते 1901 किंवा 1952 ते 2022 या काळातले, ‘राजा’ असल्यास बहुधा या दोहोंमधले. अमेरिकी टेबलावर ‘ब्रन्सविक-बाल्क-कॉलेंडर’ हे जोडनाव असेल तर ते 1884 नंतरचे. पाटी स्क्रूने काढून दुसऱ्या टेबलावर लावता येते. म्हणून तिच्याभोवतीचे लाकूड पाहावे. मूळ पाटीखाली पॉलिश कमी उन्ह खाल्लेले आणि वेगळ्या छटेचे असते.

सोबतचे साहित्य : गुणफलक, क्यूंचा स्टँड आणि चेंडू टेबलासोबत आले तरी त्यांचा काळ वेगळा असू शकतो. ‘लाइफ पूल’ या व्हिक्टोरियन खेळाच्या नोंदीची सोय असलेला महोगनी फलक त्या काळाकडे बोट दाखवतो. हस्तिदंती चेंडू 1870 च्या सुमारास आलेल्या सेल्युलॉइडच्या आधी सार्वत्रिक होते, पण नंतरही दीर्घकाळ वापरात राहिले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 व त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. हस्तिदंती पाटी किंवा चेंडू असलेल्या टेबलाचा व्यवहार करण्यापूर्वी हे तपासणे आवश्यक आहे.

निर्णय कसा मांडावा : टेबलाचे वय ठरवताना मूळ असल्याची खात्री असलेल्या भागांपैकी जो भाग सर्वांत उशिराचा, तोच टेबलाचा सर्वांत आधीचा संभाव्य काळ सांगतो. बनात, रबर, जाळ्या व क्यू या झिजणाऱ्या वस्तूंना या गणितात स्थान देऊ नये. उदाहरणार्थ, व्हिक्टोरियन वळणाचे पाय, पाच जाड स्लेटा, आकडे जुळणारी चौकट आणि लेस्टर स्क्वेअरची मूळ पाटी असे टेबल 1901 नंतरचेच ठरते, पाय कितीही जुन्या धर्तीचे असोत.

नोंद व जतन : बनात बदलताना स्लेट आणि चौकट उघडी पडते. टेबल वाचण्याची ती सर्वांत मोलाची वेळ असते. तेव्हा मार्कर (गुण नोंदवणारा क्लबचा नोकर) किंवा मिस्त्री यांच्याकडून सर्व आकडे, शिक्के, सांधे व बोल्ट यांची छायाचित्रे घ्यावीत, मापे इंचांत आणि मिलिमीटरमध्ये लिहावीत आणि कुशनाची काढलेली मूळ पट्टी फेकू नये. क्लबची जुनी बिले, रेल्वेच्या पावत्या व सभांच्या इतिवृत्तांतील खरेदीचे ठराव या नोंदींना पूरक ठरतात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. त्या विजयामागे देशभरातल्या क्लबांच्या टेबलांनी घडवलेली खेळाची संस्कृती होती. तिचा बराच इतिहास अशाच टेबलांच्या तळाशी कोरलेला आहे, आणि एका निष्काळजी दुरुस्तीत तो कायमचा पुसला जाऊ शकतो.