मांचूरियांतील प्लेग आणि चीनचा स्वाभिमान

इ. स. १९१० च्या हिवाळ्यांत मांचूरियांत फुप्फुसाच्या प्लेगनें कहर मांडला, तेव्हां चीनच्या दरबारापुढें दोन संकटें एकदम उभीं राहिलीं. एक रोगाचें, दुसरें शेजाऱ्यांचें. हार्बिनची आगगाडी रशियाच्या ताब्यांत, चांगचुनपासून दक्षिणेची जपानच्या. रोग आवरण्याच्या मिषानें हीं दोन्ही राष्ट्रें प्रांतावर आपला अंमल पसरतील, ही धास्ती पेकिंगला मोठी होती. त्यांतून राजघराणें मांचू, म्हणजे ही त्याची मूळ भूमि. एरवीं सुस्त असणारा दरबार या वेळीं इतक्या त्वरेनें कां हलला, याचें उत्तर माझ्या मतें भूतदयेपेक्षां या धास्तींतच शोधावें लागतें.

दरबारानें धाडलेले डॉ. वू लिएन-तेह अवघे ३१ वर्षांचे. जन्म पिनांगचा, शिक्षण केंब्रिजचें, आणि चिनी बोली त्यांना फारशी अवगत नव्हती. हा प्लेग श्वासावाटे माणसामाणसांत पसरतो असें त्यांचें मत, म्हणून नाकातोंडावर जाळीदार कापडाची व कापसाची पट्टी बांधण्याचा त्यांचा आग्रह. फ्रेंच डॉक्टर मेनी यांना या चिनी तरुणाचा उपदेश रुचला नाहीं. ते पट्टीवांचून रुग्णांत वावरले, आणि जानेवारी १९११ मध्यें प्लेगनेंच वारले.

खरी कसोटी पुढेंच होती. जमीन गोठल्यामुळें दोन हजारांवर प्रेतें उघड्यावर पडून होतीं. आणि अखंड देह मातींत ठेवणें हें तर चिनी पितृभक्तीचें आद्य कर्तव्य! दहन नित्याचें असणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रसंगाची तीव्रता सहसा कळत नाहीं. वू यांनीं परस्पर अग्नि दिला नाहीं; दरबारची आज्ञा मागविली. ती आली, आणि ३१ जानेवारीस, चिनी नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशीं, चिता पेटल्या. हेंच परकी अधिकाऱ्यानें केलें असतें तर लोकांनीं तें मुकाट्यानें सोसलें असतें असें मला वाटत नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत गोरे सोजीर घराघरांत शिरले त्याचा परिणाम काय झाला, हें वाचकांस सांगावयास नकोच.

मार्चच्या आरंभीं हार्बिनमधील साथ थांबली. मांचूरियांत एकंदर सुमारें ६०,००० माणसें दगावलीं. एप्रिलांत मुकडेन येथें ११ राष्ट्रांचे तज्ज्ञ जमले. जपानतर्फें खुद्द कितासातो आले होते, परंतु अध्यक्षस्थानीं बसले वू. त्या एका खुर्चीचें मोल दरबार पुरतें जाणून होता. पुढें ऑक्टोबरांत राज्यक्रांति होऊन दरबारच नाहींसा झाला. पण १९१२ मध्यें उत्तर मांचूरियाचें प्लेग-निवारण खातें वू यांच्याच हाताखालीं उभें राहिलें, आणि १९२०-२१ मध्यें रोग परत आला तेव्हां त्याच्याशीं गांठ घालावयास तें सज्ज होतें.