‘मेट्रोपोलिस’ची कथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बो कोण होत्या?

यंत्रमानव, गगनचुंबी इमारती आणि जमिनीखाली राबणारे कामगार. १९२७ साली आलेल्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटातली दृश्यं आजही सोशल मीडियावर फिरतात. सोबत नाव असतं ते दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचं. पण ही कादंबरी आणि पटकथा लिहिणाऱ्या होत्या त्यांच्या पत्नी, थेआ फॉन हार्बो.

कादंबरीकार ते पटकथाकार

हार्बो यांचा जन्म १८८८ मध्ये बव्हेरियात झाला. सुरुवातीला त्या रंगभूमीवर अभिनय करत आणि कथा-कादंबऱ्या लिहीत. भारतात घडणाऱ्या त्यांच्या ‘द इंडियन टूम’ या कादंबरीवर १९२१ मध्ये जो माय यांनी दोन भागांचा चित्रपट काढला. त्याची पटकथा हार्बो आणि लांग यांनी मिळून लिहिली होती.

१९२२ मध्ये दोघांनी लग्न केलं. ‘डॉ. माबुझे’, ‘निबेलुंगेन’, ‘वूमन इन द मून’ आणि ‘एम’ या लांग यांच्या गाजलेल्या चित्रपटांच्या लेखनात हार्बो होत्या.

वाटा वेगळ्या का झाल्या?

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला आणि लांग यांनी जर्मनी सोडली. हार्बो मात्र तिथेच राहिल्या, नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या आणि त्या काळात अनेक पटकथा लिहिल्या. नाझी विचारांचा प्रचार करणारा ‘द रूलर’ (१९३७) हा त्यांपैकीच एक. १९३४ मध्ये त्यांनी स्वतः दोन चित्रपट दिग्दर्शितही केले, पण दिग्दर्शनात त्या पुढे रमल्या नाहीत.

बेळगावशी काय संबंध?

याच काळात त्यांच्या आयुष्यात आले बेळगावजवळच्या बेळगुंदीचे पत्रकार अयी तेंडुलकर. वयाने ते हार्बो यांच्यापेक्षा बरेच लहान होते. नाझी राजवटीत असं नातं उघडपणे मिरवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी गुपचूप लग्न केल्याचं सांगितलं जातं. पुढे तेंडुलकर भारतात परतले आणि १९४५ मध्ये गांधीजींच्या आशीर्वादाने सेवाग्रामला त्यांचा इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह झाला.

एका भारतीयावर प्रेम करणारी ही बाई वंशद्वेषी पक्षाची सदस्य होती. ही विसंगती त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही.

शेवट

युद्धानंतर ब्रिटिशांनी त्यांना काही काळ स्थानबद्ध केलं. बर्लिनमध्ये पडलेल्या इमारतींचे ढिगारे उपसण्याचं कामही त्यांनी केलं. १९५४ मध्ये लांग यांच्यासोबत केलेल्या एका जुन्या चित्रपटाच्या खेळाला त्या गेल्या होत्या. तिथून निघताना त्या पडल्या आणि काही दिवसांतच, १ जुलै रोजी त्यांचं निधन झालं.

२००१ मध्ये युनेस्कोने ‘मेट्रोपोलिस’ला जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान दिलं. हार्बो यांच्या राजकीय निवडीला माफी देण्याची गरज नाही, पण त्या कथेचं श्रेय त्यांचंच आहे.