रिकामं सॉकेट

परवा लेकीने माझ्या २०१६ सालच्या लॅपटॉपकडे बघून "बाबा, आता हा भंगारात द्या" असं सुनावलं आणि मी एकदम तीस वर्षं मागे गेलो. हेच वाक्य मी माझ्या बाबांना ऐकवलं होतं.

आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला १९९३ च्या दिवाळीत. लॅमिंग्टन रोडवरून, असेंबल केलेला, प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून. ४८६ एसएक्स, २५ मेगाहर्ट्झ, रॅम ४ एमबी. ८ घ्यायची होती, पण त्याच जुलैत जपानमध्ये निहामाला सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला होता. चिपच्या वेष्टनाला लागणारं इपॉक्सी रेझिन मोठ्या प्रमाणावर तिथूनच यायचं. मेमरीचे भाव कडाडले. कुठे निहामा आणि कुठे आमची डोंबिवली!

दुकानदाराने मदरबोर्डवरचं एक रिकामं सॉकेट दाखवलं. "साहेब, ही फ्युचरची जागा. पुढे इथे नवी चिप बसवा, मशीन नवं!" बाबांनी त्या रिकाम्या जागेवर भरवसा ठेवून पैसे मोजले.

त्या जागेची खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. इंटेलचा ४८६ आला १९८९ मध्ये. दशांशाची गणितं करणारा भाग त्यात चिपमध्येच होता. १९९१ मध्ये स्वस्तातला एसएक्स आला. गंमत म्हणजे सुरुवातीच्या एसएक्समध्येही तो भाग होताच, फक्त बंद करून ठेवलेला! ज्याला गणित हवं त्याने रिकाम्या सॉकेटसाठी ४८७ एसएक्स घ्यायचा. नावाला तो गणिताचा मदतनीस, प्रत्यक्षात मात्र अख्खा ४८६. तो बसला की जुन्या चिपला झोपवून सगळा कारभार स्वतःच बघायचा. १९९२ मध्ये ओव्हरड्राइव्ह आला. त्यात चिपचा आतला वेग दुप्पट, म्हणजे २५ चा ५०. पण मेमरी, डिस्क, बोर्ड जुन्याच चालीचे, त्यामुळे मशीन काही दुप्पट पळायचं नाही.

१९९५ मध्ये ४८६ वाल्यांसाठी पेंटियम ओव्हरड्राइव्हही निघाला, ६३ आणि ८३ मेगाहर्ट्झचा. पण त्याला जास्त पिनांचं सॉकेट लागायचं. आमचं होतं १६९ पिनांचं. म्हणजे 'फ्युचरची जागा' दोन वर्षांतच फ्युचरला अपुरी पडली.

मला तेव्हा विंडोज ९५ चं वेड लागलेलं. ४ एमबीवर ते चालायचं, पण कसं, तर कण्हत कुंथत. मित्राकडे पेंटियम आलेला. १९९६ मध्ये एका रात्री जेवताना मी म्हणालो, "हे भंगारात द्या आणि नवीन घ्या." बाबा काहीच बोलले नाहीत. पीएफच्या कर्जाचे हप्ते तेव्हा अजून पगारातून कापले जात होते, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी ते एकटेच लॅमिंग्टन रोडला गेले आणि आणखी ४ एमबी रॅम घेऊन आले. त्या वर्षी मेमरीचे भाव चांगलेच उतरले होते. विंडोज सुरळीत चालू लागलं. मी मात्र पेंटियम नाही म्हणून फुगून बसलो. त्याच मशीनवर बाबांनी २००३ पर्यंत सोसायटीचे हिशेब ठेवले.

ते गेल्यावर माळा आवरताना मी कॅबिनेट उघडलं. सॉकेट तसंच रिकामं, आत धूळ. शेजारी ती रॅमची पट्टी.

आता माझी पाळी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ माझ्या लॅपटॉपला दारातच अडवतं. तो हळू आहे म्हणून नव्हे हं, प्रोसेसर त्यांच्या यादीत नाही म्हणून. मग मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि लिनक्स टाकलं. लॅपटॉप तरतरीत झाला. जाहिरातीतलं अपग्रेड वेगळं आणि आपल्या मशीनला नेमकं काय कमी पडतंय ते ओळखून केलेलं वेगळं. बाबांना हे १९९६ मध्येच कळलं होतं.

लेकीला हे सगळं सांगितलं. "पण बाबा, तुम्ही आजोबांना सॉरी म्हणालात का?"

नाही म्हणालो. ती जागा रिकामीच राहिली.